तेलाचा तांबडा दिवा

डॅशबोर्डवर तांबडी झारी पेटली आहे, तोंडाशी एक थेंब. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. ‘एवढा घाट उतरू दे, मग बघू’ हा विचार मनात येईल. येऊ द्या, पण त्याचं ऐकू नका. पेट्रोलचा दिवा पुढच्या पंपापर्यंत मुदत देतो, हा देत नाही. बहुतेक गाड्यांत तो तेलाची पातळी दाखवतच नाही, दाब दाखवतो. आणि दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्याशिवाय तो पेटत नाही. म्हणजे दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो.

इंजिन आता गप्प आहे. वर चढलेलं तेल चेंबरमध्ये उतरायला थोडी मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात त्याच्या वाटेने मनाने जाऊन येऊ.

तळाशी चेंबर. त्यात बुडलेली स्ट्रेनरची जाळी. तिच्यातून पंप तेल ओढतो. पंपाजवळ स्प्रिंगचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, दाब जास्त झाला की उरलेलं तेल परत सोडणारा. पुढे फिल्टर, मग ब्लॉकमध्ये पाडलेली लांब नळी, तिच्यातून मेन बेअरिंग. क्रँकच्या पोटातल्या तिरप्या भोकांतून तेल कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पोचतं, दुसरी वाट वर कॅमशाफ्टकडे जाते. मग थेंबाथेंबाने पुन्हा खाली.

बेअरिंगपाशी थांबा. घाई नको, सगळं इथेच आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. इंजिन चालू असताना त्या फटीत धातू धातूला टेकत नाही. मिनिटाला हजारो फेरे, वरून पिस्टनचा दणका, आणि मध्ये नुसता तेलाचा पदर.

हे कळलं कसं? इंग्लंडमध्ये १८८३च्या सुमारास बीचम टॉवर हा इंजिनिअर आगगाडीच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागताच तेल त्या भोकातून वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं. ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे गेज लावलं, तेव्हा कळलं की फटीतल्या तेलात दाब तयार होतो आणि भार त्या दाबावर तरंगतो. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, म्हणून हा दाब येतो; १८८६मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. भार उचलणारा दाब बेअरिंगमध्येच तयार होतो, पंपाने फक्त तेल कमी पडू द्यायचं नाही.

मग गेजवरचा दाब कुठून येतो? पंप तेल ढकलतो, अरुंद फटी त्याला अडवतात, त्या अडवणुकीचा हा दाब. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याला जोर येतो, तसाच. म्हणून दाब पडला की दोनच गोष्टी मनात धरा: तेल पुरेसं येत नाहीये, किंवा फार सहज निसटतंय.

आता बॉनेट उघडा. गाडी सपाट जागी आहे ना? डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. तेल खालच्या खुणेखाली असेल तर घाटातल्या वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि जाळी हवा ओढते. वळणावर दिवा लुकलुकतो तो बहुधा यामुळे. गाडीच्या पुस्तिकेतल्या ग्रेडचं तेल भरा, आणि गेलेलं तेल गेलं कुठे तेही शोधा.

पातळी बरोबर असेल तर एक थेंब दोन बोटांत चोळा. पेट्रोलचा वास येतो का? येत असेल तर इंधन मिसळून तेल पातळ झालंय. रंग दुधाळ आहे का? मग कूलंट शिरलंय. उजेडात तांबूस-चंदेरी चमक दिसते का? ती बेअरिंगची झीज. ती दिसली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आतून ठकठक ऐकू आली असेल तरीही नाही. गाडी टोइंगवर न्या.

या खुणा नसतील तर गॅरेजमध्ये आधी हा दिवा पेटवणारा ऑइल स्विच काढून त्या जागी गेज लावायला सांगा. याबाबत आग्रही राहा. स्विच खराब असतो आणि लोक इंजिन उतरवून बसतात. उलटही होतं: गेज न लावता स्विच बदलला जातो आणि खरा आजार आत राहतो. इंजिन पूर्ण गरम करून आयडलला आणि रेस करून, दोन्ही आकडे पुस्तिकेशी ताडून पाहा. हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना अंदाज आहे, नव्या इंजिनांत त्यावर विसंबू नये.

गरम इंजिनात आयडलला दाब कमी आणि रेस केल्यावर ठीक, असं असेल तर झिजलेल्या बेअरिंगचा किंवा थकलेल्या पंपाचा संशय घ्या. इथे कुणीतरी जाड तेल टाकायला सुचवेलच. काटा वर जाईल, फट तेवढीच राहील. दोन्ही आकडे कमी असतील तर चेंबर खोला. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर चेंबरला पोचा पडतो, पत्रा जाळीला चिकटतो आणि पंपाची वाटच बंद होते. काही वेळा जाळीवर काळा गाळ बसलेला असतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग अडकली आहे का तेही पाहून घ्यावं. पंपाची आणि बेअरिंगची मापं मात्र शेवटी, कारण तिथे खर्च मोठा.

काम झाल्यावर नवं तेल आणि फिल्टर घाला. मग इंधन तोडून नुसता स्टार्टर थोडा थोडा मारा, गेजवर दाब दिसेपर्यंत. त्यानंतरच इंजिन चालू करा, गरम होऊ द्या आणि गेज काढण्याआधी आयडलचा आकडा किलोमीटरसह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा.