‘समाजसेवा’ ते ‘समाजकार्य’

एम.एस.डब्ल्यू. करणाऱ्या विद्यार्थ्याला घरीदारी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: लोकांचं भलं करायला पदवी कशाला लागते? नोकरी लागली की दुसरा प्रश्न येतो: पगार घेऊन कसली समाजसेवा? विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याच्या लेखी सेवा म्हणजे पुण्य आणि पुण्याला मोल नसतं. अभ्यासक्रमाचं नाव मात्र ‘समाजसेवा’ नाही, ‘समाजकार्य’ आहे. या दोन शब्दांमधलं अंतर भारताने कसं कापलं, हे समजलं की दोन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात.

गरिबाला अन्न, वाटसरूला पाणी देणं हा आपल्याकडचा जुना धर्म. पण 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, तेव्हा ते दानधर्माच्या पलीकडे गेले. गरोदर विधवेला आसरा देतानाच, तिच्यावर पोटच्या बाळाला मारण्याची वेळ आणणाऱ्या रूढीला त्यांनी जाब विचारला. दुःखामागची व्यवस्था शोधणारी ही दृष्टी समाजकार्याचा गाभा आहे. पुढे महर्षी कर्वे आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी अशा कामाला संस्थेचं रूप दिलं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला आणि आणखी एक पाऊल टाकलं. देशकार्याला वाहून घेणाऱ्या सभासदाने आधी काही वर्षं अभ्यास करावा, देश फिरून पाहावा आणि त्याच्या निर्वाहाची सोय संस्थेने करावी, अशी त्यांची योजना होती. सेवेला तयारी लागते आणि सेवकालाही पोट असतं, हे गोखल्यांनी तेव्हाच मान्य केलं होतं. याच संस्थेतल्या ना. म. जोशींनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारवस्तीत काम उभं केलं.

अशा तयारीचं रीतसर शिक्षण सुरू झालं, तेही मुंबईतच. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्यात नेबरहूड हाउस चालवत होते. त्यांच्या कल्पनेतून आणि टाटा विश्वस्तनिधीच्या पाठबळावर 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. 1944 मध्ये त्याचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं. त्यानंतर दिल्ली, बडोदा, मुंबईचं निर्मला निकेतन, नागपूर, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था अशी केंद्रं वाढत गेली.

कामाच्या जागाही तयार होत होत्या. 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यासाठी नेमणूक झाली. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला.

पण अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकी होता. व्यक्ती अडचणीत आहे, तिला परिस्थितीशी जुळवून घ्यायला मदत करायची, हे त्याचं सूत्र. जिथे परिस्थितीच अन्याय्य आहे, तिथे ते अपुरं पडलं. जातीमुळे ज्याला पाणवठा बंद आहे, त्याला कसलं समुपदेशन पुरेल? फुल्यांचा वारसा घरात असताना वर्गात परदेशी पुस्तकं शिकवली गेली, ही या शिक्षणाची मोठी उणीव होती, असं मला वाटतं. पुढच्या दशकांत ती हळूहळू भरून निघू लागली. सामुदायिक संघटन, स्त्रियांचे प्रश्न, दलित आणि आदिवासींचे हक्क अभ्यासक्रमात आले.

प्रत्यक्ष कामातही हा बदल दिसला. 1984 मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. छळ सोसणाऱ्या बाईला चौकीतच तिची बाजू ऐकणारं प्रशिक्षित माणूस मिळालं. 1996 मध्ये याच संस्थेतून मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन उभी राहिली आणि पुढे देशभर पोचली. इथे मदत मागणारा याचक नाही, हक्कदार आहे.

सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाचं काम पाहिलं की प्रशिक्षणाची गरज कळते. क्षयाच्या गोळ्या मोफत असतानाही रुग्ण मधेच येईनासा होतो. रोजंदारी बुडते, सासरी कळेल अशी भीती असते, दारू असते. कारण ओळखायचं, घरच्यांशी बोलायचं, योजना मिळवून द्यायची आणि हे करताना रुग्णाचं गुपित आणि मान दोन्ही सांभाळायचे. नुसत्या कनवाळूपणाने हे साधत नाही.

तरीही डॉक्टर किंवा वकिलांसारखी वैधानिक परिषद संपूर्ण समाजकार्य व्यवसायाला अजून लाभलेली नाही. 2021 च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले. वस्ती, तुरुंग, बालगृह, पाडा इथे राबणारे बहुसंख्य बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी कायदा हवा. मात्र त्यात पदवी नसलेल्या, आयुष्य वस्तीत घालवलेल्या कार्यकर्त्यालाही जागा असली पाहिजे. नाहीतर ज्यांनी हे काम या मातीत रुजवलं, त्यांच्याच वारसांना आपण दाराबाहेर उभं करू.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा समाजकार्यकर्ता भेटला, तर पगार घेतोस का, असं त्याला विचारू नका. तो पुरेसा आणि वेळेवर मिळतो का, हे विचारा.