तवक्कुल : हात बांधून की पंख पसरून?

मांजरसुंब्याच्या घाटावर ऊन तापले की घारी पंख न हलवता वर चढत जातात. पक्ष्यांना आकाशात रहमानशिवाय कोणीही सावरून धरत नाही, याकडे पवित्र कुरआनच्या सूरह अल-मुल्कने आपले लक्ष वेधले आहे.

पोलीस भरतीत अपयश आलेला एक तरुण जुमाच्या नमाजनंतर मला भेटला. मी एवढेच म्हणालो, "अल्लाहवर तवक्कुल ठेव." काही महिन्यांनी कळले, त्याने धावणे आणि अभ्यास दोन्ही सोडले आहेत. "इमामसाहेब, नशिबात असेल तर मिळेलच," तो म्हणाला. माझ्या अर्धवट उपदेशाचे हे फळ होते.

पुढे पुण्यास गेलो असता हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावरील उड्डाणे पाहिली. ग्लायडरला इंजिन नसते. विंच यंत्र तारेने ओढून त्याला वर चढवते. तार सुटली की ते हवेतून सतत खालीच उतरत असते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा त्याच्या उतरण्याहून वेगवान असेल, तरच ते उंची गाठते. वैमानिक ती हवा निर्माण करू शकत नाही. पण ती शोधणे आणि सापडल्यावर घिरट्या घालत तिच्यात टिकून राहणे, हे त्याचेच काम असते.

हजरत उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये तवक्कुलसाठी पक्ष्याचाच दाखला आहे. तो सकाळी उपाशी निघतो आणि सायंकाळी पोट भरून परततो. म्हणजे तो घरट्यात बसून राहत नाही. नवव्या शतकात कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून उड्डाण केले, परंतु उतरताना त्यांच्या पाठीला इजा झाली. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते, असे इतिहासकार अल-मक्करी नोंदवतात. साधनातील उणीव केवळ हिमतीने भरून निघत नाही.

मग प्रयत्न करूनही अपयश आले, तर दोष कोणाचा? एखाद्या दिवशी हवा उठतच नाही आणि निष्णात वैमानिकही लवकर उतरतो. त्यात त्याचा अपराध नसतो. प्रयत्नांचा हिशेब आपल्याकडून घेतला जाईल. निकाल मात्र अल्लाहच्या हाती आहे. ही जाणीव यशात गर्व आणि अपयशात निराशा येऊ देत नाही.

मी त्या तरुणाकडे जाऊन माझे वाक्य पूर्ण केले. आता फजरच्या नमाजनंतर तो पुन्हा घाटरस्त्यावर धावताना दिसतो. त्याची निवड होईल की नाही, हे अल्लाहच जाणतो.