मारिया ताकेउचीची मधली वर्षं

जपानची गायिका मारिया ताकेउची १९७८ मध्ये पहिलं गाणं घेऊन आली, तेव्हा ती २३ वर्षांची होती. इझुमोच्या प्रसिद्ध देवस्थानासमोरच्या जुन्या अतिथिगृहाच्या घरातली ही मुलगी तोक्योला शिकायला आली होती. आवाज मोकळा, प्रसन्न. शब्द आणि चाली मात्र बहुतेक दुसऱ्यांच्या. १९८० मध्ये शिसेइदोच्या प्रसाधनांच्या जाहिरातीसाठी गायलेलं 'फुशिगी ना पीच पाय' खूप गाजलं. पण लोकप्रिय तरुण गायिकेमागे जी धावपळ लागते, तिच्यात गाण्यालाच उसंत मिळेना. १९८१ मध्ये ती थांबली. पुढच्या वर्षी संगीतकार तात्सुरो यामाशिताशी लग्न झालं.

बाई लग्न करून घरी बसली की तिची कला आटोपली, असं मानायला लोकांना वेळ लागत नाही. मारिया मात्र घरी बसून लिहीत होती, चाली बांधत होती. आधी इतर गायिकांसाठी, मग स्वतःसाठी. १९८४ च्या 'व्हरायटी' या अल्बममधलं प्रत्येक गाणं तिचं स्वतःचं होतं. त्यातलं 'प्लास्टिक लव्ह' मुद्दाम ऐकावं. ठेका नाचायला लावणारा, पण गाणारी बाई प्रेमात पोळलेली. आता प्रेम म्हणजे निव्वळ खेळ, असं ती स्वतःलाच बजावते आहे. मारिया कुठेही गळा काढत नाही. सूर खालच्या पट्टीत, सरळ ठेवते, आणि त्या संयमामुळेच दुखणं जास्त जाणवतं. पीच पायच्या गोडव्यातून इथवर येणं केवळ सरावानं साधत नाही. त्याला जगलेली वर्षं लागतात, असं मला मनापासून वाटतं. हे गाणं तेव्हा फार खपलं नाही. तीसेक वर्षांनी यूट्यूबवर जगभरच्या तरुणांनी ते डोक्यावर घेतलं. त्यातल्या कितीतरी जणांना जपानीचा एक शब्द येत नव्हता.

तोवर ती पुढे निघून गेली होती. २००७ मध्ये, ५२ व्या वर्षी, तिनं 'जिन्सेई नो तोबिरा' लिहिलं. विशीपासून नव्वदीपर्यंतचा प्रत्येक टप्पा त्यात नाव घेऊन येतो. गायिकेनं कायम तरुण दिसावं असा हट्ट धरणाऱ्या व्यवसायात तिनं वाढतं वय इतक्या आनंदानं गायलं, याचं मला फार मोल वाटतं. २०२४ मध्ये, ६९ व्या वर्षी, तिचा आणखी एक अल्बम आला.