शिडीची पहिली पायरी

आमच्या सूतगिरणीत कापसाच्या गाठी वाहणारे एक हमाल आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी रिंगखात्यात रात्रपाळीला, तेही रात्रपाळीला. सकाळी सातला सुटलो की मी खोलीवर जातो, काका एस.टी. स्टँडच्या मागं जातात. तिथंच झोपतात. घर नाही.

शहरात बेघर निवारा केंद्र आहे. मीच त्यांना घेऊन गेलो. तिथल्या माणसानं नाव विचारलं, मग पूर्ण नाव, मग आडनाव पुन्हा एकदा. मग तोंडाचा वास घेतला. म्हणाला, दारू सोडून या. आणि दिवसा केंद्र बंद असतं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "आरं लेका, सोडून या म्हणत्यात. पर सोडूस्तवर झोपू कुठं?"

त्या प्रश्नानं माझी झोप गेली. तशीही दिवसाची झोप ती.

पुढं कळलं की जगभर हीच रीत होती. आधी तात्पुरता निवारा, मग व्यसनमुक्ती, मग औषधं, मग वागणुकीचा दाखला. एवढ्या पायऱ्या चढलास तर वर घर. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. इथं शिडी आहे, पण पहिली पायरी जमिनीपासून पुरुषभर उंच. आधी शुद्ध हो, मग आत ये. हे वाक्य आपल्या आज्यापणज्यांनी देवळाच्या आणि पाणवठ्याच्या तोंडाशी ऐकलंय.

1992 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ही शिडीच उलटी केली. रस्त्यावरच्या मनोरुग्ण माणसाच्या हातात आधी घराची किल्ली. उपचार घे की नको घेऊ, तुझी मर्जी. आमचा माणूस मात्र भेटायला येत राहील. लोक म्हणाले, घराचं वाटोळं करतील.

मग कॅनडानं 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत हे तपासलं. सुमारे 2000 बेघर मनोरुग्ण. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला घर आणि मदत, दुसऱ्याला शहरात आधीपासून जी मिळत होती तीच मदत. इथं मी वाचता वाचता थांबलो. ज्याच्या चिठ्ठीत घर आलं नाही, त्याला नुसतं मोजत बसायचं? हिवाळ्यात बर्फ पडतं तिथं. मला राग आला, अजूनही पुरता गेलेला नाही. पण दुसरं डोकं म्हणतं, सगळ्यांना पुरतील एवढी घरं नव्हतीच. मग वशिल्यापेक्षा चिठ्ठी बरी. आणि असं मोजलं नसतं तर ‘ही माणसं घरात राहूच शकत नाहीत’ हे वाक्य अजून शंभर वर्षं चाललं असतं. मोजल्यावर काय निघालं? शेवटच्या सहा महिन्यांत घरवाल्या गटातली 62 टक्के माणसं सगळा काळ घरात टिकली होती. दुसऱ्या गटात 31 टक्के.

आता अडचणीचा भाग, तोही लपवायचा नाही. दारू, नशा, मनाचा आजार यांत दोन्ही गट साधारण सारखेच सुधारले. घर मिळालं म्हणून माणूस जास्त सुधारला असं दिसलं नाही. विरोधक हेच बोट दाखवतात.

मी विचारतो, घर हे औषध आहे काय? आमच्या मालकाच्या बंगल्याचं मूल्यमापन कुणी केलं? बंगल्यात राहून त्यांची दारू किती टक्के कमी झाली? त्यांना कुणी विचारत नाही, कारण ते घर त्यांचं समजलं जातं. काकांना मिळालं तर ते उपकार ठरतं, आणि उपकाराचा हिशेब द्यावा लागतो. मोजू नका असं मी म्हणत नाही. घर देऊन माणूस घरात राहिला का, हे मोजा. तो गुणी झाला का, हे घराच्या खात्यावर मांडू नका.

आपल्याकडं तर मोजण्याची तऱ्हाच और. 2011 च्या जनगणनेत देशात 17.7 लाख बेघर नोंदले गेले, तेही 28 फेब्रुवारीच्या एका रात्री फिरून. त्या रात्री काकांसारखा माणूस गिरणीत गाठ उचलत असणार. त्याला फुटपाथवर कोण शोधणार? सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये लाख वस्तीमागं एक निवारा, चोवीस तास, असं बजावलं. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं माणशी 50 चौरस फूट जागाही ठरवून दिली होती. कागद चांगलाच होता. आमच्या केंद्रात पाहणीवाले आले तेव्हा त्यांनी खाटा मोजल्या, गाद्या मोजल्या, नोंदवही पाहिली आणि चहा घेतला. दारातून परत गेलेल्यांची नोंद वहीत नसतेच.

म्हणून आपणच दुसरी वही घालू. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या निवाऱ्यासमोर एक रात्र आणि एक दुपार बसावं. कोण परत गेलं, काय सांगून परत धाडलं, आडनाव कितीदा विचारलं, एवढंच लिहावं. पुढल्या आठवड्यात मी दिवसपाळीला आहे, रात्री येऊ शकतो. काका दुपारी बसायला तयार आहेत. लिहिता येत नाही, सोबत कुणीतरी हवा.