अचल आधार आणि खचती भूमी

ज्या भूमीच्या पोटात खडक हाताशी लागतो, तेथे पायाचा प्रश्न तत्त्वचिंतकाकडे येत नाही. मुंबईच्या खाडीकाठी चिखल आणि मुरूम भेदून पाइल, म्हणजे पायाचा खोल खांब, काळ्या पाषाणात रुतविला की अभियंत्याचा हिशेब मिटतो. मेक्सिको नगरी मात्र तेस्कोको सरोवराच्या गाळावर वसलेली आहे, आणि तेथे इमारत उभारू पाहणाऱ्यापुढे जी निवड येते, तीच गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे वाचणाऱ्यापुढेही कधी ना कधी येते.

एका प्रकारचा पाइल टोकाने खालच्या कठीण थरावर टेकतो आणि सारा भार त्याच्या हवाली करतो. दुसरा कोठेच टेकत नाही, अंगाभोवतीच्या मातीशी होणाऱ्या घर्षणावरच तो तरून असतो. अचल आधार लाभल्यावर आणखी काय हवे, असे कोणासही वाटेल. परंतु विसाव्या शतकात त्या नगरीने भूगर्भातील पाणी इतके उपसले की काही भागांत जमीन सात मीटरांहून अधिक खचली. पाइलवर उभारलेला 1910 सालचा स्वातंत्र्यस्तंभ आपल्या जागी राहिला, भोवतालचा रस्ता खाली गेला, आणि चौथऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी चौदा नव्या पायऱ्या जोडण्याची तजवीज करावी लागली. जमिनीखाली तर याहून विलक्षण प्रकार घडतो: खचणारी माती पाइलच्या अंगाला धरून त्यालाच खाली ओढते, आणि काल जी आधार देत होती तीच आज भार होऊन बसते.

गीतेच्या वाचकापुढची निवडही अशीच आहे. शांकर परंपरेने ज्ञान्यास कर्मसंन्यास सांगितला. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त ज्ञानोत्तरही लोकसंग्रहार्थ कर्म सांगितले. हा वाद बहुधा ग्रंथप्रामाण्याच्या अंगाने लढविला जातो. आधाराच्या अंगाने पाहता तो निराळा दिसतो. संन्याशास ब्रह्म पुरेसे असेल, परंतु ज्याच्या देहाला समाजाची माती लागलेली आहे, त्याला ती खचत असता अलिप्त राहण्याची मुभा नाही. एक तर त्याच्यापर्यंतच्या पायऱ्या वाढतात, नाही तर ती त्याला ओढते. उलट, केवळ घर्षणावर तरणारा लोकांबरोबर बुडेल, हा आक्षेपही खोटा नव्हे.

मानुएल गोन्सालेस फ्लोरेस या मेक्सिकन अभियंत्याने खचत्या भूमीच्या या पेचावर काढलेली तोड मला मार्मिक वाटते. त्याचा पाइल इमारतीच्या तळातून आरपार वर येतो, आणि त्याच्या डोक्याशी, तळाला जखडलेल्या चौकटीखाली, लाकडी ठोकळे असतात. ते दबत जातात आणि इमारत भूमीबरोबर बेताने खाली येते. टिळकांचा ज्ञानी असाच असावा: ज्ञान कठीण थरावर टेकलेले, आचरण मात्र लोकांच्या पातळीशी उतरणारे. फक्त ते ठोकळे वेळोवेळी बदलावे लागतात, त्यासाठी कोणी तरी तळघरात उतरावे लागते, आणि ज्ञान्याच्या बाबतीत हे काम कोणाकडे असते, याचा खुलासा मला त्या ग्रंथात अद्याप सापडलेला नाही.