थोडी मुदत दे

देवा,

बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याला श्वास घ्यायचा नसतो. म्हणून तू रक्तासाठी दोन आडवाटा मोकळ्या ठेवतोस, एक हृदयाच्या आत आणि एक हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधे. बाळानं पहिला टाहो फोडला, फुफ्फुसं उघडली, की या वाटांचं काम संपतं आणि तू त्या हळूहळू मिटवतोस. बहुतेक बाळांसाठी ते योग्यच आहे. माझं मागणं उरलेल्यांसाठी आहे.

हजारातली आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन येतात. त्यातल्या थोड्यांचा जीव त्या बाहेरच्या आडवाटेवरच तगून असतो. वरून गुटगुटीत दिसणारं बाळ घरी येतं, पेढे वाटले जातात आणि चार दिवसांत ते दूध ओढेनासं होतं, हातपाय गार पडतात. देवा, या बाळांची ती वाट एवढ्यात मिटवू नकोस. ती उघडी ठेवणारं औषध माणसांनी शोधलं आहे. प्रोस्टाग्लँडिन शिरेतून सुरू केलं की शस्त्रक्रियेपर्यंत मुदत मिळते. पण औषध शहरात आणि बाळ घाटाच्या पलीकडे. मधल्या रस्त्यापुरतं तू सांभाळ.

चमत्कार मी मागत नाही. तो तू माणसांच्या हातून कधीच घडवला आहेस. १९४४च्या नोव्हेंबरात बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये पंधरा महिन्यांची एक निळी पडलेली मुलगी टेबलावर होती. निळ्या बाळांच्या फुफ्फुसांना जास्त रक्त कसं पोचवता येईल, हे तिथल्या डॉक्टर हेलन टॉसिग यांना सुचलं होतं. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून बोटांनी हृदय वाचायच्या. शस्त्रक्रिया आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी केली. त्यांच्या पाठीमागे उभं राहून टाका कुठे आणि कसा घ्यायचा ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस. ते कृष्णवर्णीय होते, पैशाअभावी कॉलेजला जाऊ शकले नव्हते आणि प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया त्यांनीच बसवली होती. ती मुलगी पुढे फार जगली नाही. पण तिच्यामागून आलेली कितीतरी मुलं निळ्याची गुलाबी झाली. त्या पहिल्या लेकराला तुझ्यापाशी नीट ठेव. आणि थॉमस यांच्यासारखी, ज्यांचं नाव फार उशिरा घेतलं गेलं, अशी माणसं आमच्या ऑपरेशन थिएटरांतही असतील. त्यांचे हात स्थिर ठेव.

आम्हाला वेळेवर दिसू दे. प्रसूतिगृहातल्या सिस्टरला बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र लावण्याइतकी फुरसत दे. दोन-चार मिनिटांचं काम आहे, बाळाला दुखतही नाही. पाजताना कपाळावर दरदरून घाम येतो, दोन घोट घेऊन बाळ दमतं, असं आई सांगत असेल तेव्हा तिला कुणी "पहिलटकरीण आहेस, घाबरतेस उगाच" म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आमच्याच पालघरमधून सुरू झाला. त्यातले डॉक्टर गाडी घेऊन अंगणवाडीत आणि शाळेत येतात, मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात. त्या दिवशी लेकरू मामाच्या गावी किंवा आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेलं नसावं, एवढं बघ.

आणि त्या आईवरचा आळ काढून घे. ग्रहण पाळलं नाहीस, पपई खाल्लीस, असं तिला कुणी ऐकवू नये. बहुतेक वेळा कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, तिथे तिला का जाब विचारायचा?

मुलीसाठी वेगळं मागते. मुलाला टू-डी इको सांगितला की घर उसनवारी करून निघतं. मुलीचा कागद मात्र कधी कधी कपाटात राहतो. छातीवर व्रण राहील, मग लग्न कसं जमेल, असा हिशेब तिच्या पाळण्याशी बसून केला जातो. ती जगली तर लग्नाचं बघता येईल, हे तिच्या बापाच्या मनात घाल. त्या हिशेबाचा मला राग येतो, देवा, आणि तो राग मी तुझ्यापासून लपवत नाही.

कारण उशीर फार वाईट. हृदयातलं मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं की जास्तीच्या रक्ताच्या दाबानं फुफ्फुसांतल्या वाहिन्या कडक होत जातात. मग एक दिवस असा येतो की छिद्र बुजवणंच जिवावर बेततं. "दोन वर्षांची असताना आणायला हवी होती," असं डॉक्टर खालच्या आवाजात सांगतात. अशी मुलं आज आमच्यात आहेत. ती शाळेत येतात, पाढे म्हणतात, खेळाच्या तासाला कडेला बसतात. त्यांच्या वाट्याला आणखी वर्षं दे, आणि ती धाप न लागता जावीत. त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो तळमजल्यावर आणायची बुद्धी त्यांच्या मुख्याध्यापकांना येत्या जूनच्या आत दे.