दयेचे चित्र, श्रमाचे चित्र

दुष्काळग्रस्तांसाठी मदत मागणाऱ्या जाहिरातींत दोन प्रकारची चित्रे दिसतात. एकात भेगाळलेली जमीन, रिकामा हंडा आणि खोल गेलेले डोळे. दुसऱ्यात बांध घालणारे हात आणि भरलेले शेततळे. पहिले चित्र पाहणाऱ्याला अपराधी वाटायला लावते, दुसरे त्याला कामात सामील व्हायला बोलावते.

पहिल्याचा इतिहास जुना आहे. 1876–78 च्या दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातील भुकेने खंगलेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवून छायाचित्रे काढली, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. 1984 मध्ये इथिओपियातील उपासमारीच्या दृश्यांमुळे जगभरातून मोठा निधी उभा राहिला. मात्र त्या दृश्यांतील मुलांना नाव नव्हते, आईबाप नव्हते आणि उपासमारीची कारणेही नव्हती. अशा चित्रणावरील आक्षेपांची दखल घेऊन युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी 1989 मध्ये प्रतिमांच्या वापराची आचारसंहिता स्वीकारली.

महाराष्ट्रात वेगळा विचार आधीच रुजला होता. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करणाऱ्या बाबा आमटे यांनी आनंदवनात कुष्ठरुग्णांना दयेऐवजी काम दिले. त्यामुळे समाजापुढे त्यांच्या जखमांऐवजी त्यांची शेती आणि त्यांनी घडवलेल्या वस्तू आल्या.

मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात 2012–13 च्या दुष्काळात ही दोन्ही चित्रे एकाच वेळी खरी होती. मोसंबीच्या बागा वाळत होत्या, लोक टँकरची वाट पाहत होते. त्याच जिल्ह्यातील कडवंची गावात मात्र द्राक्षबागा तग धरून होत्या. त्यामागे कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली नव्वदीच्या दशकात सुरू झालेली पाणलोटाची कामे आणि पुढे शेतकऱ्यांनी खोदलेली शेततळी होती.

दयेकडून श्रमाकडे जाणारा हा बदल पुढील मोहिमांमध्ये ठळक झाला. 2015 मध्ये अभिनेते नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी स्थापन केलेल्या ‘नाम’ या संस्थेने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना आर्थिक मदत देण्यापासून सुरुवात केली आणि नाला खोलीकरणाकडे मोर्चा वळवला. 2016 मध्ये सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ या जलसंधारण स्पर्धेने कुदळ-फावडे घेतलेले गावकरी घराघरांतील पडद्यावर आणले.

अपराधभाव जागवणारे चित्र तातडीच्या मदतीला उपयोगी पडते, कारण आकडेवारीपेक्षा एका माणसाचा चेहरा मनाला लवकर भिडतो. पण तेच पुन्हा पुन्हा दाखवले, तर मराठवाडा म्हणजे केवळ लाचारी, असा समज घट्ट होतो. आशेच्या चित्रालाही मर्यादा आहे. कडवंचीचे यश कित्येक वर्षांच्या सामूहिक कामाचे आहे. तेवढेच दाखवले, तर शेजारच्या गावाला आज टँकर हवा आहे, हे झाकले जाते. म्हणून संकटाचे कारण, त्यावर चाललेले काम आणि अजून भासणारी गरज या तिन्ही गोष्टी सांगणारी जाहिरातच प्रामाणिक ठरते. चित्रातील माणसाची संमती घेतलेली असावी आणि त्याला ते स्वतःच्या गावात ताठ मानेने दाखवता यावे, ही तिची किमान कसोटी होय.